चंद्र वर्गात आणताना घ्यावयाची काळजी

पृथ्वी ही अतिशय मोठी वस्तू असून ती वर्गात मावत नाही. भू-अवकाश विज्ञानाच्या अध्यापनात आजवर ज्या अडचणी आल्या, त्या सगळ्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे. इतर विषयांचे असे नाही. व्याकरण वर्गात मावते. इतिहास होऊन गेलेला असल्यामुळे जागाच घेत नाही. पण पृथ्वी मोठी, सूर्य तिच्याहून मोठा, आणि दोघांच्या मधली रिकामी जागा तर इतकी, की ती शाळेच्या ताब्यात आली तर संस्था तिथे ताबडतोब वाढीव तुकड्या काढील.

या परिस्थितीवर आमच्या शाळेने अनेक वर्षे परिश्रम घेऊन काही पद्धती सिद्ध केल्या आहेत. इतर शाळांनाही त्यांचा लाभ व्हावा म्हणून ही पुस्तिका. ती समितीने तयार केली आहे. समितीत मुख्याध्यापक, भूगोलवाले सर आणि पर्यवेक्षक (म्हणजे प्रस्तुत लेखक) असे तिघे आहोत. विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही समितीत घेतलेले नाही, कारण त्यांना तास असतात.

साहित्य

पृथ्वी, एक. भूगोल विभागाच्या कपाटात. किल्ली भूगोलवाल्या सरांकडे. उत्तर ध्रुवाचा स्क्रू सैल आहे, तरी जोरात फिरवू नये.

चंद्र, एक. क्रीडा विभागाचा पांढरा चेंडू. चौथ्या तासाला तो मैदानावर लागतो. त्यामुळे आमच्याकडे चंद्राच्या कला त्याआधीच उरकाव्या लागतात.

सूर्य, एक. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा दिवा. सूर्य वर्गात गेला की मुख्याध्यापकांना सह्या दिसत नाहीत. पाठ संपताच परत करावा.

तारे. मागणी नोंदवलेली आहे.

पद्धत पहिली : श्रवण

शिक्षकाने "पृथ्वी स्वतःभोवती फिरते" असे म्हणावे. विद्यार्थ्यांनी "फिरते" असे म्हणावे. ही पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी साहित्य लागणारी आहे. गेल्या वर्षीच्या पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के विद्यार्थ्यांनी "फिरते" असे म्हटले. उरलेले दोन टक्के म्हणजे एकच मुलगी होती. सहावीत, तिसऱ्या बाकावर. ती म्हणाली, "कशावरून?"

तेव्हापासून तिचे नावच 'कशावरून' पडले. ती वाईट मुलगी नाही. नखे कापलेली असतात, गृहपाठ वेळेवर असतो. पण तिला उत्तर दिले की ती उत्तराच्या मागे काय आहे ते बघायला जाते. लहान मुले आरशाच्या मागे जाऊन बघतात, तसे. त्या वर्षी तिच्या वर्गशिक्षकांना पाठदुखीचा त्रास सुरू झाला. (पाठ म्हणजे शरीराचा भाग. वैद्यकीय दाखला जोडलेला आहे.)

पद्धत दुसरी : मानवी सूर्यमाला

मुलांना ग्रह करून मैदानावर फिरवणे. सूर्य कोणी व्हायचे यावर समितीच्या अनेक बैठका झाल्या. मुख्याध्यापकांनी कोणाभोवती फिरणे बरे दिसले नसते, म्हणून सूर्य तेच झाले. सूर्याला खुर्ची देण्यात आली. भूगोलवाल्या सरांनी ज्येष्ठतेनुसार सर्वांत मोठा ग्रह मागितला होता. पण त्याला केवढी फेरी पडते हे कळल्यावर त्यांनी गुडघ्याचे कारण सांगून बुध घेतला.

पृथ्वी झालेल्या मुलाने एकाच वेळी स्वतःभोवती आणि मुख्याध्यापकांभोवती फिरायचे होते. वर्षाच्या मध्यापर्यंत त्याने ते निभावले. त्यानंतर तो सूर्याजवळ आला, थांबला, आणि सकाळी खाल्लेले सगळे त्याने सूर्याच्या बुटांवर काढले.

तेव्हापासून आमच्या सूर्यमालेत पृथ्वी बसून असते आणि बाकीचे तिच्याभोवती फिरतात. ही रचना फार जुनी आहे, आणि कित्येक शतके तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, हे भूगोलवाल्या सरांनी समितीच्या निदर्शनास आणून दिले. पृथ्वी आता मुख्याध्यापक होतात. खुर्ची तीच आहे.

पद्धत तिसरी : ज्वालामुखी

मातीचा डोंगर करावा. पोटात खायचा सोडा भरावा, वरून व्हिनेगर ओतावे. उद्रेकासाठी वर्गशिक्षकांनी आगाऊ अर्ज करावा. तास संपण्यापूर्वी उद्रेक आटोपावा. फेस टेबलाखाली गेल्यास ती नैसर्गिक आपत्ती धरली जाणार नाही. ज्याचा ज्वालामुखी, त्याने पुसावा.

पद्धत पाचवी (चौथी खाली येईल, ती आधी येऊ शकत नाही, कारण ती रद्द आहे)

इथे नव्या बाईंची ओळख करून देणे आवश्यक आहे. नव्या बाई शाळेत येऊन तीन वर्षे होत आली. आमच्याकडे कायम झाल्याशिवाय 'नव्या' हे पद जात नाही. तीन वर्षांच्या शेवटी तपासनीस साहेबांसमोर एक नमुना पाठ द्यायचा. तो नियोजनाप्रमाणे झाला की माणूस कायम होतो. नाही झाला की निरोप समारंभात त्याला पेन मिळते. मधला मार्ग नाही.

मधल्या सुट्टीत बाईंना वडिलांचा फोन येतो. वडिलांना कमी ऐकू येत असल्याने ते मोठ्याने बोलतात, आणि शिक्षकांची खोली लहान असल्याने संभाषण सर्वांचेच होते.

"झालीस का गं कायम?"

"नाही बाबा. पाठ व्हायचाय."

"मग दिवसभर करतेस काय तिथे?"

"शिकवते."

"ते असू दे गं. कायम कधी होणार?"

शेजारच्या काकूंची सून लागल्या लागल्या कायम झाली, हेही आम्हां सर्वांना याच मार्गाने कळले. ती कुठे लागली हे मात्र वडिलांना शेवटपर्यंत सांगता आले नाही.

अशा बिकट परिस्थितीत बाई एके दिवशी समितीपुढे आल्या.

"सर, सहावीला जरा बाहेर नेऊ का?"

"बाहेर म्हणजे कुठे?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"मैदानावर."

"मैदानावर काय आहे?"

"पृथ्वी आहे, सर."

मुख्याध्यापकांनी भूगोलवाल्या सरांकडे पाहिले. भूगोलवाल्या सरांनी खिसा चाचपला. किल्ली होती.

"पृथ्वी कपाटात आहे," ते म्हणाले.

"ती नाही हो सर. पायाखालची."

"ती कुठल्या विभागाकडे आहे?"

बाईंना सांगता आले नाही. मुख्याध्यापकांनी मायेने समजावले, की ज्या पृथ्वीची नोंद कुठल्याच विभागाकडे नाही, तिचे उद्या काही बरेवाईट झाले तर कोणाला जबाबदार धरायचे? अशा रीतीने पद्धत चौथी (सहल) रद्द झाली, आणि पाचवी, म्हणजे दिवा-गोल-चेंडू पद्धत, नमुना पाठासाठी मुक्रर झाली. पाठाचा घटक अभ्यासक्रमाच्या क्रमाने आला : सूर्यग्रहण. तारीख तपासनीस साहेबांच्या कार्यालयाने दिली. वेळ दुसऱ्या तासाची.

अडथळा

पाठाला आठवडा असताना वर्तमानपत्रात आले, की त्याच सकाळी, साधारण त्याच वेळी, खरोखरच सूर्यग्रहण होणार आहे.

समितीची तातडीची बैठक झाली. पाठाची तारीख बदलता येत नव्हती, कारण ती साहेबांची होती. ग्रहणाची तारीख बदलण्याविषयी विचार झाला. परंतु ते वेळापत्रक आपल्या कोणाच्याच अखत्यारीत येत नाही, असे भूगोलवाल्या सरांनी खेदाने सांगितले. शेवटी दोन्ही ग्रहणांची गुणवत्तेवर तुलना करण्यात आली.

बाहेरचे ग्रहण खंडग्रास आहे, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणारच नाही. वर्गातले खग्रास आहे.
बाहेरचे दोन तास रेंगाळणार. वर्गातले आठ मिनिटांत उरकते.
बाहेरचे मध्येच थांबवून फळ्यावर आकृती काढता येत नाही.
ढग आल्यास बाहेरचे दिसत नाही. आमच्या वर्गात आजवर ढग आलेला नाही.

निष्कर्ष उघड होता. वर्गात पूर्ण ग्रहण उपलब्ध असताना मुलांनी अर्धवट ग्रहणाकडे का वळावे? शिवाय सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक असते, आणि हे तर अगदी खरे आहे.

"पण सूर्याकडे बघायचंच नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडायचं, की त्यातून जमिनीवर सूर्य पडतो."

"जमिनीवर सूर्य," भूगोलवाले सर म्हणाले.

"हो सर. छोटासा."

"अहो बाई, तीन वर्षं झाली तुम्हांला. अजून किती नवं राहायचं माणसानं?"

भोक पाडलेला पुठ्ठा साहित्याच्या यादीत नव्हता. तो विषय तिथेच संपला. बाईंनीही पुन्हा काढला नाही. त्यांच्यातला हा समंजसपणा आम्ही त्यांच्या अहवालात नोंदवला आहे.

उलट पुढच्या तयारीत त्यांनी इतका उत्साह दाखवला, की आमचे मन भरून आले. सहावीच्या वर्गाच्या खिडक्या पूर्वेला आहेत. दुसऱ्या तासाला ऊन थेट आत येते. वर्गात अंधार हवा, तर खिडक्या झाकायला हव्या होत्या, आणि पडदे गेल्या स्नेहसंमेलनात राजवाडा म्हणून गेले ते परत आले नव्हते. बाईंनी आपण होऊन तोडगा काढला. सूचनाफलकांच्या मागे लावलेला जाड काळा कागद तसाही बदलायला झाला आहे, तो काढून काचांवर लावू या, म्हणाल्या.

कागदाला टाचण्यांची भोके होती. वर्षानुवर्षे त्यावर सूचना लागलेल्या : प्रत्येक सूचनेची चार, चार कोपऱ्यांना. धावू नये, थुंकू नये, मोठ्याने हसू नये, मैदानावर माती उकरू नये. पण भोके इतकी बारीक होती, की त्यांतून कोणाला बाहेरचे ग्रहण दिसणे शक्य नव्हते. भूगोलवाल्या सरांनी हे चष्मा काढून, एकेका भोकाला स्वतः डोळा लावून तपासले आणि तसा शेरा दिला.

आदल्या दिवशी, त्याच दुसऱ्या तासाच्या सुमारास, बाई रिकाम्या वर्गात साहेबांची खुर्ची मांडत होत्या. मागच्या भिंतीपाशी ठेवली. मग जरा डावीकडे. मग पुन्हा जरा पुढे. शेवटी पायांपाशी खडूने खुणा केल्या. कायम कर्मचाऱ्यांतही पाहुण्यांविषयी एवढी आस्था आढळत नाही.

राहिला प्रश्न 'कशावरून'चा. पाठाच्या वेळी ती बोलली, तर तीन वर्षांवर पाणी पडणार हे सर्वांना दिसत होते. तिला सुट्टी द्यावी, असे भूगोलवाल्या सरांचे मत होते. आम्ही अधिक शास्त्रीय उपाय सुचवला : तिला चंद्र धरायला द्यावा. ज्याच्या दोन्ही हातांत चंद्र आहे, त्याला हात वर करता येत नाही, आणि हात वर केल्याशिवाय आमच्या शाळेत बोलता येत नाही.

एक तांत्रिक दुरुस्तीही करावी लागली. आमचा चंद्र दिव्याच्या मानाने लहान असल्याने खग्रास स्थितीतही सूर्य कडेने दिसत राहतो. म्हणून त्या क्षणी पर्यवेक्षकांनी दिव्याचे बटण बंद करावे, दोन मिनिटे मौन पाळावे, आणि विद्यार्थ्यांनी विस्मय व्यक्त करावा (मनात), असे ठरले.

पाठ : प्रत्यक्ष

तपासनीस साहेब वेळेवर आले. ते उंच, रुंद, शांत गृहस्थ आहेत आणि नेहमी पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालतात. ग्रहणाचे पाठ तपासण्यात त्यांचा हातखंडा आहे. खुर्चीवर बसले. खडूच्या खुणांच्या आत.

नियोजनातल्या पहिल्या चार पायऱ्या निर्विघ्न झाल्या. पृथ्वी आली, सूर्य लागला. 'कशावरून' दोन्ही हातांत चंद्र धरून पुढे झाली. पाचव्या पायरीला चंद्र सूर्यासमोर आला. आम्ही बटण दाबले.

अंधार झाला. मुले नियोजनाप्रमाणे मनात विस्मय पावली.

मग आम्हांला वाटले, साहेबांच्या शर्टावर काहीतरी सांडले आहे.

तिथे उजेडाच्या कोरी होत्या, कोटाच्या बटणाएवढ्या. चार वरच्या खिशाच्या आसपास, चार पोटावर, दोन बाहीवर आणि एक टायवर. सगळ्या एकाच बाजूने खाल्लेल्या. पुढच्या बाकावर, जमिनीवर, मागच्या भिंतीवरही त्याच. प्रत्येक सूचनेच्या चार.

नियोजनात याला जागा नव्हती. आम्ही बटणावर बोट ठेवून उभे राहिलो. दिवा लावला तर मौन मोडणार होते, न लावला तर साहेब तसेच चकाकत राहणार होते. मुख्याध्यापकांनी दारातून हाताने खूण केली, पण अंधारात ती कोणती ते कळले नाही.

"बाई," 'कशावरून' म्हणाली, "साहेबांच्या पोटावर काय आहे?"

विद्यार्थ्यांचे प्रश्न सातव्या पायरीनंतर. ही पाचवी होती. बाईंनी आमच्याकडे पाहिले. मग साहेबांकडे पाहिले, ज्यांच्या मांडीवरच्या कागदावर बाईंचे कायम होणे किंवा पेन मिळणे अवलंबून होते. मग त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"जवळ जाऊन बघ," त्या म्हणाल्या.

"चंद्र कुठे ठेवू?"

"ठेव कुठेही."

तिने तो जमिनीवर ठेवला. तो घरंगळत बाकांखाली गेला. (क्रीडा विभागाची तक्रार सोबत जोडली आहे.)

एक गेली म्हणून दुसरा गेला, आणि बघता बघता सगळा वर्ग साहेबांभोवती. साहेबांना आजवर मुलांनी एवढ्या जवळून पाहिले नव्हते. ते खुर्चीत ताठ झाले.

"हा सूर्य आहे," 'कशावरून' म्हणाली. "ग्रहण लागलेला."

"कशावरून?" बाईंनी विचारले.

हा प्रश्न त्या मुलीला आजवर कोणी विचारला नव्हता. मग ती खिडकीपाशी गेली, बाकावर चढली (बाकावर चढू नये, अशी सूचना आहे, तिचीच चार भोके समोर होती), आणि तिने एका भोकावर बोट ठेवले.

खिशावरची एक कोर गेली.

"गेली ना?"

"गेली!" मुले म्हणाली.

बोट काढले. कोर आली.

"बाहेर जेवढा उरलाय तेवढाच आत येतोय," ती म्हणाली. "भोक गोल आहे. ते कुठे खाल्लेलंय?"

एवढ्यात साहेबांच्या पोटाशी नाक लावून उभा असलेला एक जाडसा मुलगा म्हणाला, "साहेब, हलू नका ना."

"मी हललो नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता.

"मग हा खिशावरचा बटणावर कसा गेला?"

"तू हललास."

"मी हलून शर्टावरचं कसं हलेल, साहेब?"

"मग खिडकी हलली असेल."

"खिडकी कशी हलेल? गजांची आहे."

'कशावरून' बाकावरून उतरली, खाली ठेवलेला खडू तिने उचलला आणि साहेबांच्या शर्टावर, बटणाच्या कडेला, एक रेघ ओढली. (तपासनिसांच्या शर्टावर रेघ ओढू नये, अशी सूचना नव्हती. आता आहे.) सगळे बघत राहिले. कोर रेघेला टेकली. रेघ ओलांडली. साहेबांच्या बरगड्यांच्या दिशेने निघाली.

"साहेब हलले नाहीत," ती हळू म्हणाली. "खिडकी हलली नाही. म्हणजे एकतर सूर्य हलला, नाहीतर आपण."

साहेबांनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिले. खुर्चीचे हात घट्ट धरले.

"म्हणजे आत्ता," ते म्हणाले, "हे फिरतंय?"

"फिरते," वर्ग पहिल्या पद्धतीने म्हणाला.

एकट्या 'कशावरून'ने म्हटले नाही. ती दुसरी रेघ ओढत होती. फिरतंय ते नेमकं कोण, हे यावरून अजून ठरत नाही, असे ती पुटपुटल्याचे शेजारच्या मुलाने आम्हांला नंतर सांगितले.

तास संपल्याची घंटा झाली. साहेब उठले नाहीत.

"पुढचा तास कोणाचा?"

"गणिताचा, साहेब."

"गणित उद्या घ्या," ते म्हणाले, आणि त्यांनी पाय जरा लांब केले, म्हणजे गुडघ्यांवरही दोन सूर्य आले. कोरी जाड होत होत गोल होईपर्यंत ते तसेच बसले. पळत्या सूर्यांसाठी मुले त्यांची खुर्ची मधूनमधून सरकवत होती आणि ते सरकू देत होते. जाताना त्यांनी बाईंना एकच वाक्य सांगितले, ते आम्ही दारामागे असल्याने ऐकले : "बाई, मी एवढे ग्रहणाचे पाठ तपासले, पण ग्रहण पहिल्यांदा पाहिलं."

अहवाल

साहेब प्रामाणिक अधिकारी आहेत. त्यांनी लिहिले :

पाठ नियोजनाप्रमाणे झाला नाही. सूर्य बंद होता. चंद्र गहाळ. पृथ्वीचा वापर आढळला नाही. तथापि पाठ इतका परिणामकारक होता, की केवळ एका निरीक्षणावरून निर्णय घेणे शिक्षिकेवर अन्यायाचे होईल. सबब, हाच पाठ, याच साधनांसह, पुन्हा एकदा पाहून कायम करण्याची शिफारस व्हावी. तोवर शिक्षिकेस कार्यमुक्त करू नये.

साधनांमध्ये ग्रहण आहे. आमच्या गावाला शाळेच्या वेळेत दिसणारे पुढचे सूर्यग्रहण अकरा वर्षांनी आहे.

मधल्या सुट्टीत फोन आला.

"झालीस का गं कायम?"

"नाही बाबा. पुढच्या ग्रहणाला."

"कधी आहे?"

"अकरा वर्षांनी."

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी चहाचे कप हवेतच धरले होते.

"तोवर काढणार नाहीत ना?"

"नाही बाबा. तसं लिहूनच दिलंय."

"अगं मग झालीसच की," वडील म्हणाले. "बारीकसारीक गोष्टी नीट सांगत जा जरा. काकूंना काय सांगू?"

बाई हसू लागल्या. डोळे पुसून पुन्हा हसू लागल्या. मोठ्याने हसू नये ही सूचना आम्ही त्यांना दाखवणार होतो, पण ती ज्या कागदावर लावलेली होती तो अजून सहावीच्या खिडकीला होता.

पद्धत सहावी : सुधारित

या अनुभवातून समितीने योग्य तो बोध घेतला. सहावीच्या मागच्या भिंतीवर पिवळ्या तैलरंगात अकरा सूर्यकोरी काढून घेतल्या आहेत. त्या हलत नाहीत, त्यामुळे निरीक्षण सोपे जाते. त्या कायम आहेत. खर्‍या कोरींपेक्षा थोड्या मोठ्या आहेत, आणि प्रत्येकीखाली 'सूर्यकोर' असे तिचे नाव लिहिले आहे. काळ्या कागदावरची सर्व भोके बुजवून तो सूचनाफलकांवर परत लावला. भोके बुजवल्याची सूचना लावताना चार नवी पडली.

दुष्परिणाम मात्र दिसू लागले आहेत. सहावीची मुले वहीच्या पुठ्ठ्याला भोक पाडून उन्हात पाठमोरी उभी राहतात. ग्रहण नसतानाही. रोजचा साधा, गोल, बिनकामाचा सूर्य जमिनीवर पाडतात आणि त्याच्याभोवती रेघ ओढून तो रेघ ओलांडतो का ते बघत बसतात. तो ओलांडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. नव्या बाई त्यांच्यात उकिडव्या बसलेल्या असतात, आणि आता त्यांना अकरा वर्षे कोणी हलवू शकत नाही. ताज्या पाहणीनुसार पहिल्या पद्धतीचे यश अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून एक्केचाळीसवर आले आहे. उरलेल्या एकोणसाठ टक्क्यांनी काय म्हटले ते आम्ही इथे लिहीत नाही.

स्वाध्याय (वाचकांसाठी, प्रौढांनीही सोडवावा)

प्रश्न पहिला. पृथ्वी फिरते, हे खरे आहे काय? (होय / होय)

प्रश्न दुसरा. हे आपल्याला कसे कळले? (अ) शाळेत सांगितले. (आ) सगळ्यांना माहीत आहे. (इ) परीक्षेला आले होते. याखेरीज पर्याय नाही.

प्रश्न तिसरा. आज आपल्या डोक्यावर चंद्र केवढा आहे, आणि या क्षणी तो कुठल्या बाजूला आहे? खिडकीकडे न जाता लिहा.

सूचना : तिसरा प्रश्न वाचून वर्गातली काही मुले उठून बाहेर गेली आणि अजून परतलेली नाहीत. आपण उठला नाहीत. आपण ओळ संपवून पुढच्या ओळीवर आलात, आणि इथपर्यंत पोहोचलात. आपण कुठल्या शाळेत शिकलात ते आम्ही विचारत नाही. पद्धत तीच होती, आणि ती पूर्ण यशस्वी झाली आहे.

बसा.